वाघाच्या मावशीचं पोट

भाचेबाई, चिंगी घरी आल्यापासून तुझे फोन एकाच वाक्याने सुरू होतात, "मावशी, हिने परत ओकलं गं!" मांजर ही वाघाची मावशी आणि मी तुझी, तेव्हा मावश्यांच्या पोटाबद्दल मावशीनेच सांगावं हे बरं. सगळं एका दिवसात करायला जाऊ नकोस. पोटातला केसांचा गोळा, ज्याला तुम्ही हेअरबॉल म्हणता, तो एका रात्रीत होत नाही. रोजच्या बारीकसारीक सवयींनी होतो आणि तशाच सवयींनी टळतो. एवढं मात्र पहिल्यापासून डोक्यात ठेव: चिंगीच्या पोटात होणाऱ्या प्रत्येक गडबडीचा आळ त्या बिचाऱ्या गोळ्यावर घालायचा नाही.

आधी गोळ्याची ओळख

१. चिंगीला एकदा बोट चाटू दे, जीभ खरखरीत लागेल — तिच्यावर घशाकडे वळलेले बारीक कडक काटे असतात. त्यांत अडकलेला केस तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो.

२. ती दिवसभर चाटत बसते म्हणून "नटवी" म्हणू नकोस — त्या काट्यांची टोकं पोकळ असतात आणि लाळ थेट कातडीपर्यंत पोचवतात, हे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं. चाटण्याने अंग साफ होतं आणि उन्हाळ्यात गारही पडतं.

३. गिळलेल्या केसांची धास्ती घेऊ नकोस — केस पचत नाहीत हे खरं, पण त्यातले बहुतेक शीवाटे निमूट निघून जातात. मागे रेंगाळतात त्यांचाच गुंता होतो.

४. फरशीवर लांबट, ओलं, करड्या रंगाचं काही दिसलं तर लगेच "ट्रे सोडून इथे का केलंस?" म्हणून तिच्यावर डाफरू नकोस — गोळा अन्ननळीच्या अरुंद वाटेने येतो, म्हणून नावाला गोळा असला तरी आकाराने नळीसारखा असतो.

५. चिंगी पर्शियन वळणाची, लांब केसांची. तिने अधूनमधून एखादा गोळा टाकला आणि लगेच खेळायला पळाली तर पुसून मोकळी हो — लांब केस जास्त गुंततात. तोच दर आठवड्याला येऊ लागला तर मात्र मूळ दुखणं पोटात किंवा कातडीत आहे असं समज.

६. मांजराचं पिल्लू ओकत असेल तर गोळ्याचं नावही काढू नकोस, सरळ डॉक्टर गाठ — पिल्लांना अजून नीट अंग चाटता येत नाही, त्यामुळे त्यांच्या पोटात एवढे केस जातीलच कुठून?

फणी आणि हात

७. लांब केसांना रोज पाच मिनिटं, गावठी आखूड केसांना आठवड्यातून एकदोनदा फणी — फणीत आला तो केस पोटात गेला नाही. या सगळ्या यादीतलं एकच काही करायचं ठरवलंस तर हे कर.

८. आधी रुंद दातांची फणी, मग बारीक, आणि केसांच्याच दिशेने — उलटं ओढलं की कातडी दुखते. मग दुसऱ्या दिवशी फणी दिसताच चिंगी पलंगाखाली आणि तू पलंगावर पालथी.

९. पाठ विंचरून झालं म्हणून उठू नकोस; काखा, कानामागचा भाग, पोट आणि मागच्या मांड्या राहिल्या — जटा तिथेच होतात, आणि जटेतले केस चावून सोडवताना ती ते गिळते.

१०. जट कात्रीने कापायची नाही, बोटांनी हळूहळू सोडवायची — मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जटेबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत येते. सुटतच नसेल तर दवाखान्यात मशीनने काढून घे.

११. चिंगी झोपाळलेली असताना फणी घे आणि ती कंटाळायच्या आत थांब, वर एखादा खाऊ दे — आज अर्धीच पाठ झाली तरी चालेल, उद्या ती आपणहून येऊन बसली पाहिजे.

१२. फणीनंतर ओलसर तळहात अंगावरून फिरव — फणीतून निसटलेले सुटे केस हाताला चिकटतात. ते केस काळ्या कुर्त्यावर पुसू नकोस, एवढं तुला सांगायला नको.

१३. दर रविवारी अंघोळीचा हट्ट नको — भिजलेलं मांजर कोरडं होईपर्यंत स्वतःला चाटत बसतं. म्हणजे तू धुतलेले केस पुन्हा पोटातच.

१४. उन्हाळा लागला की फणीचा वेळ वाढव, पण हिवाळ्यात बंद करू नकोस — घरातच राहणाऱ्या मांजरांना रात्रीही दिव्यांचा उजेड मिळतो, त्यामुळे त्यांचे केस थोडेथोडे वर्षभर गळत राहतात.

१५. एकाच जागी चाटून चाटून टक्कल पडलं असेल तर ती सवय नव्हे, तक्रार आहे — पिसवा, ॲलर्जी, मनाची घालमेल किंवा त्या जागेखालचं दुखणं, यांपैकी काहीतरी आहे. गोळे वाढण्याचं कारणही बहुधा तिथेच सापडतं.

१६. पिसवांचा संशय आला तर फणीतून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर घे — लालसर डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. माती असेल तर रंग लाल होणार नाही.

१७. कुत्र्याचं पिसवांचं औषध "थोडंसंच" म्हणूनही चिंगीच्या मानेवर घालू नकोस — कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं. त्याने मांजराला झटके येतात, जीवही जातो.

ताट आणि वाटी

१८. मांजर म्हटलं की दुधाची बशी ही आपली जुनी समजूत, ती आता सोड — मोठ्या मांजराच्या पोटात दुधातली साखर पचवणारं विकर फार कमी उरलेलं असतं. दुधाची हौस माणसाची, जुलाब मांजराचे.

१९. दूध-पोळी आणि दूध-भातावर मांजर दिवस काढतं, पण त्यावर ते पोसलं जात नाही — त्याला टॉरिन लागतं आणि ते मांस-माशांतूनच मिळतं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय दुबळं होतं, हे अमेरिकेतले पशुवैद्य पॉल पिऑन यांनी १९८७ मध्ये दाखवलं.

२०. घरात अंडंसुद्धा येत नसेल, तर मांजरांसाठीचं चांगलं तयार खाद्य आण आणि ताट वेगळं ठेव — घराचा नेम माणसांनी पाळायचा, तिच्या आतड्यांना तो लागू नाही.

२१. कोणी प्रेमाने रश्श्यातला तुकडा पुढे केला तर हात धर — कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात. ते शिजवलं, तळलं किंवा पूड केली तरी अपाय तोच.

२२. शिजवलेल्या कोंबडीचं हाड तिला चघळायला देऊ नकोस — शिजलेलं हाड कडक होऊन टोकदार तुटतं आणि घसा किंवा आतडं जखमी करतं.

२३. सुकट-बोंबलाच्या वासाने चिंगी घर डोक्यावर घेईल, तरी डब्याचं झाकण घट्ट ठेव — त्यात मीठ फार. ताजा मासा कधीमधी उकडून, काटा काढून दे. कच्चा नको, कारण काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं आणि ते शिजवल्यावरच निकामी होतं.

२४. खाद्य बदलायचं असेल तर ७ ते १० दिवस घे. जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत जा — आतड्यातल्या जिवाणूंना नव्या अन्नाची सवय व्हायला वेळ लागतो. दुकानात सवलत लागली म्हणून रातोरात डबा बदललास तर सकाळी ट्रे तुला सांगेल.

२५. एकदम वाटीभर वाढण्यापेक्षा दिवसात चार वेळा थोडं वाढ — मांजराचं पोट लहान. निसर्गात ते उंदीर-चिमण्यांसारखी छोटी शिकार दिवसभरात बरेचदा खातं.

२६. खाल्ल्या खाल्ल्या आख्खे दाणे बाहेर येत असतील तर पसरट ताटात दाणे पांगवून वाढ — हा बहुतेक वेळा अधाशीपणा असतो. दाणे एकेक करून वेचावे लागले की घाई आपोआप कमी होते.

२७. रोजच्या जेवणात ओल्या खाद्याचा वाटा ठेव — त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, कोरड्या दाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. आतडं ओलं राहिलं की केस पुढे सरकतात.

२८. पाण्याच्या वाट्या दोन-तीन खोल्यांत ठेव, ताटापासून आणि ट्रेपासून लांब — मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातली रानमांजरं, त्यामुळे त्याला तहान लवकर जाणवत नाही. येता-जाता पाणी दिसलं तर ते पितं.

२९. वाटी रुंद, स्टीलची किंवा चिनी मातीची घे आणि रोज घासून भर — कालच्या पाण्यावर फक्त ताजं ओतलं तर तुला ते भरलेलं दिसतं, तिला शिळं लागतं. वाटी भरली म्हणून तहान भागत नाही.

३०. कोणी केव्हा काय घातलं ते लिहायला फ्रिजवर एक कागद चिकटव — घरात माणसं चार असली की मांजराची जेवणं आठ होतात. शिवाय सासरेबुवा चोरून काय देतात ते कोणीच कबूल करत नाही.

३१. महिन्यातून एकदा चिंगीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहा, मग तुझं एकटीचं वजन वजा कर — ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन उतरलं म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि ते दाट केसांखाली डोळ्यांना दिसत नाही. तुझा आकडा मला सांगायची गरज नाही.

घरगुती उपाय, कुठवर आणि किती

३२. लाल भोपळा उकडून, मीठ-मसाला न घालता, अर्धा चमचा तिच्या जेवणात कालवून बघ — त्यातला चोथा शीला बांधून ठेवतो आणि केसांना पुढे ढकलतो. भरीत करून उरलेला भोपळा चालणार नाही, तो तूच खा.

३३. इसबगोल द्यायचा तर डॉक्टरांना प्रमाण विचारून, ओल्या खाण्यात नीट भिजवून — तो पाणी शोषून फुगतो. कोरडा गेला तर वाटेतच अडकून बसतो.

३४. घटस्थापनेला आपण धान पेरतो तसे एका कुंडीत गहू पेर आणि ते अंकुर चिंगीला खाऊ दे — गवत खाण्याची ओढ मांजरात उपजतच असते. सोसायटीच्या हिरवळीवर फवारणी झालेली असते, घरच्या कुंडीत ती भीती नाही.

३५. गवत खाऊन तिने एकदा ओकलं आणि नंतर नेहमीसारखी जेवली, तर त्यात आजार शोधू नकोस — गवताच्या पात्यांनी पुष्कळ मांजरांना उलटी होते.

३६. दुकानातली माल्ट पेस्ट पाकिटावर लिहिलेल्या मापानेच दे आणि जेवणाच्या वेळेपासून अंतर ठेव — अशा काही पेस्टमध्ये खनिज तेलासारखं वंगण असतं. ते अन्नाबरोबर गेलं तर काही जीवनसत्त्वं शोषली जात नाहीत.

३७. पेस्ट रोज लागायला लागली तर नवी ट्यूब आणायच्या आधी डॉक्टरांकडे जा — तेव्हा तू गोळा मऊ करतेस, पण तो होतो का हे तसंच राहतं.

३८. "चमचाभर तूप दे, सुटेल" असं कोणी सांगेल, मान डोलाव आणि देऊ नकोस — तूप वाटेतच पचून जातं, केसांना वंगण व्हायला उरतच नाही. जास्त झालं तर पोट मात्र सुटतं.

३९. एरंडेल किंवा लिक्विड पॅराफिन तिच्या तोंडात कधी ओतू नकोस — पॅराफिनला चव नसते, ते ठसका न लागता श्वासनळीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. एरंडेलाने आतड्याला नको इतका मुरडा बसतो.

४०. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं तिच्याशी खेळ — अंग हललं की आतडंही हलतं. शिवाय कंटाळलेलं मांजर करमणूक म्हणून स्वतःलाच चाटत बसतं.

ओकारी आणि ट्रे वाचायला शीक

४१. एक नियम पाठच कर: उलटी एकदा झाली तर पुसावी, दुसऱ्यांदा झाली तर लिहावी, तिसऱ्यांदा झाली तर दाखवावी — आठवणीवर भरवसा ठेवला की "परवाच झाली होती बहुतेक" यापलीकडे डॉक्टरांना काही सांगता येत नाही.

४२. ओकताना तिचं पोट आकसतं का, ते बघ — पोट जोरात आकसून आलं तर उलटी. मान खाली घालून नुसतं घरंगळत बाहेर आलं तर अन्न पोटापर्यंत गेलंच नव्हतं. दोन्हींची कारणं वेगळी असतात.

४३. पहाटे पिवळा फेस ओकून पुढे दिवसभर ती ठीक असेल तर रात्री झोपताना थोडं खायला देऊन बघ — रिकाम्या पोटात पित्त येतं. आठवड्याभरात फरक नाही पडला तर दाखव.

४४. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या रंगाचे कण दिसले, किंवा शी काळीकुट्ट आणि चिकट झाली, तर त्याच दिवशी निघ — काळा रंग म्हणजे पोटात किंवा वरच्या आतड्यात झिरपलेलं रक्त. लाल रक्त शीवर दिसलं तर ते बहुधा शेवटच्या भागातलं असतं.

४५. ती जमिनीला चिकटून, मान पुढे ताणून खोकल्यासारखं करते आणि बाहेर काहीच येत नाही, असं वारंवार झालं तर गोळ्याची वाट बघत बसू नकोस — मांजराचा दमा अगदी असाच दिसतो. उपचार उशिरा सुरू झाला तर श्वास अडतो.

४६. उमाशांचा आणि खोकल्याचा फोनवर व्हिडिओ काढून ठेव — दवाखान्याच्या टेबलावर चिंगी इतकी शहाण्यासारखी बसेल की खोटारडी तूच ठरशील.

४७. ट्रे रोज साफ कर आणि साफ करताना बघ — शीचा घट्टपणा, रंग, खेप हे सगळं तिथेच कळतं. नाक मुरडून डोळे मिटलेस तर अर्धी बातमी कचऱ्यात जाते.

४८. शेजारच्यांना त्यांच्या बोक्याबद्दल एवढं सांगून ठेव: तो ट्रेमध्ये बसून कुंथत असेल आणि लघवीचा थेंबही पडत नसेल तर बद्धकोष्ठ समजून भोपळा शिजवत बसू नका — बोक्याची मूत्रनळी अरुंद, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. हे रात्री दोन वाजताही दवाखान्यात जायचं काम आहे.

४९. शेपटीखाली तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे तुकडे दिसले तर जंताच्या औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त कर — अंग चाटताना पिसू गिळली जाते आणि तिच्यातूनच हा पट्टकृमी पोटात जातो. एकावर उपाय करून दुसरं सोडलं तर महिन्याभरात तेच पुन्हा.

५०. मोठ्या मांजराला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, तेही वजन करून — अंदाजाने दिलेला डोस कमी पडला तर जंत राहतात, जास्त झाला तर पोट बिघडतं.

५१. भिंतीवरची पाल धरली की "विष चढलं" म्हणून आरडाओरडा नको, पण ती खाऊही देऊ नकोस — घरातली पाल विषारी नसते. तरी उष्ण प्रदेशात पालींमधून एक चपटा कृमी मांजराच्या पित्तनलिकेत शिरतो आणि मांजर खाणं सोडतं.

५२. पुढेमागे पिल्लू आणलंस तर सहा ते आठ आठवड्यांचं झालं की लस सुरू कर. १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस — पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूने उलट्या-जुलाब होऊन लहान पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. पोट धरून बसण्यापेक्षा दंड धरलेला बरा.

५३. दहा वर्षांपुढचं मांजर जास्त ओकायला लागलं, पाणी जास्त प्यायला लागलं, तर रक्त तपासून घे — या वयात मूत्रपिंड आणि थायरॉइड कुरकुर करतात. म्हातारपण हे वय आहे, निदान नव्हे.

पोट बिघडलं त्या दिवशी

५४. एक-दोनदाच ओकली आणि तरी खेळती असेल तर काही तास जेवण थांबव, पाणी ठेव. मग बिनमिठाचं, बिनहळदीचं उकडलेलं चिकन चमचा-चमचा दे — बिघडलेल्या पोटाला थोडं काम झेपतं, वाटीभर नाही.

५५. हा विसावा काही तासांचाच, उपास नव्हे. एकादशी तुझी, चिंगीची नाही — मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही की अंगातली चरबी यकृतात साचते आणि यकृत बंद पडायला लागतं. गुबगुबीत मांजराला हा धोका जास्त, म्हणून २४ तास तोंड लावलं नाही तर फोन कर.

५६. पिल्लाला काही तासांचाही विसावा देऊ नकोस — त्याच्या अंगात साठा नसतो, साखर झपाट्याने उतरते.

५७. वरची ओठाची कड उचलून हिरडीला बोट लाव — हिरडी ओली, गुलाबी असेल तर ठीक. चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय आणि ते सलाईननेच भरायला लागेल.

५८. उलट्या चालू असताना सिरिंजने पाणी किंवा औषध कोंबू नकोस — ते फुफ्फुसात जाऊ शकतं. शिवाय तुझ्या हातावर तिची सही उमटेल ती वेगळीच.

५९. पॅरासिटामॉलची गोळी तिच्या जवळपासही नको — माणसाचं यकृत ती जशी मोडून टाकतं तसं मांजराचं मोडू शकत नाही. एका गोळीनेही मांजर दगावतं.

६०. जुलाबावरची तुमची गोळीसुद्धा अर्धी-पाव करून देऊ नकोस — औषध डब्यातलं आणि डोस मनातला, दोन्ही मांजराला नकोत.

६१. डॉक्टरांनी दिलेली गोळी घशात घातल्यावर थोडं पाणी किंवा ओलं खाणं लगेच दे — कोरडी गोळी अन्ननळीत चिकटून राहते. डॉक्सीसायक्लिनसारख्या गोळीने तिथे जखम होते.

दोरा, फुलं आणि डबे

६२. गजऱ्याचा दोरा, राखी, हाराची दोरी, संक्रांतीचा मांजा, सुईतला धागा हे काढल्या काढल्या बंद डब्यात टाक — जिभेचे काटे दोरा सोडत नाहीत. तो आतड्यात उतरला की आतडं त्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि कापलं जातं. तू न उचललेला दोरा मांजर उचलतं.

६३. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तशीच उचलून दवाखाना गाठायचा — दुसरं टोक जिभेखाली किंवा आत कुठे अडकलेलं असतं. तू ओढशील तेव्हा आत आतडं फाटेल.

६४. भाजीच्या पुडीचा रबरबँड आणि गणपतीच्या मखराची झिरमिळी यांवरही नजर ठेव — चमकतं, हलतं ते सगळं तिला शिकार वाटतं.

६५. पुष्पगुच्छात लिली असेल तर तो दारातूनच दुसऱ्या कोणाला देऊन टाक — खऱ्या लिलीची पानं, फुलं, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. सुरुवात साध्या उलटीने होते, म्हणूनच ती गोळ्याच्या नावावर खपून जाते.

६६. डांबरगोळ्या, फिनाईल, उंदराचं औषध मांजराच्या घरात ठेवायचं ते कुलपात — ती थेट खात नाही. पण पुसलेल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते.

६७. विषारी काही खाल्लं असं वाटलं तर मिठाचं पाणी पाजून ओकवू नकोस. पाकीट उचल, मांजर उचल, निघ — मिठाने आणखी विषबाधा होते. पाकिटावरचं नाव वाचलं की डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

दवाखान्याची वाट

६८. हे दिसलं की सकाळची वाट बघायची नाही: उमासे येतात पण काही पडत नाही, पोट फुगलंय, पाणीही टिकत नाही, तोंड उघडं टाकून श्वास चाललाय, उठतच नाही — अडकलेला गोळा काढायला शस्त्रक्रिया लागू शकते, आणि ती लवकर झाली तर मांजर लवकर उठतं.

६९. चिंगी कपाटात किंवा पलंगाखाली जाऊन बसली आणि खाऊच्या डब्याच्या आवाजालाही आली नाही, तर "रुसली" म्हणून सोडून देऊ नकोस — भुकेलं मांजर ओरडतं, दुखणाईत मांजर लपतं.

७०. कॅरिअर माळ्यावर टाकू नकोस. हॉलमध्ये उघडा ठेव, आत जुनी चादर घाल — तिला ती झोपायची जागा वाटली पाहिजे. नाहीतर ऐन वेळी तुम्ही दोघी घरभर पळाल आणि रिक्षा खाली हॉर्न वाजवत राहील.

७१. रात्री उघडा असणारा दवाखाना कोणता, हे आजच शोधून नंबर फोनमध्ये घाल — मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, आपलं "बैलघोडा", पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. त्याच आवारात १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. तुझ्या गावातलं असं ठिकाण तुलाच हेरून ठेवायला हवं.

७२. डॉक्टरांपुढे "गोळाच असणार" असं निदान करून बोलू नकोस. कधी, किती वेळा, काय पडलं, शेवटचं काय खाल्लं एवढंच सांग — तू उत्तर देऊन टाकलंस की प्रश्न विचारायचे राहून जातात.

७३. आणि पलंगावरच्या नव्या चादरीवर ओकली म्हणून तिच्यावर ओरडू नकोस; कागदाने उचल, गार पाण्याने पूस, वर खायचा सोडा भुरभुर — तिने जागा निवडलेली नसते, उमासा आला तिथे ती होती. ओरडलीस तर पुढच्या वेळी ती सोफ्यामागे जाऊन ओकेल आणि तुला चार दिवस कळणारच नाही. तेव्हा आधी मांजराकडे बघायचं, मग चादरीकडे.